दाराशी किती, आत किती?

परदेशातल्या करमणुकीच्या बागा, म्हणजे ज्यांना आज थीम पार्क म्हणण्याची रूढी आहे त्या, म्हटल्या की आपल्या मनात दोनच गोष्टी चटकन येतात. एक पोराबाळांचा हट्ट आणि दुसरी खिशाला लागणारी कात्री. समजा, घरात मुले नाहीत, किंवा असून मोठी झाली, नवराबायको दोघेच, रजा तीन दिवसांची आणि शिल्लक बेताची. अशा जोडप्याने "आम्ही परदेशात पाळण्यात बसायला जाणार" असे नुसते बोलून पाहावे. शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसतील!

पण या बागांचा इतिहास चाळला तर चित्र निराळे दिसते. त्या निघाल्या मोठ्या माणसांसाठी, आणि त्यातही पुष्कळशा दोघादोघांनी येणाऱ्यांसाठी. शिवाय त्यांचा पैशाचा हिशेब एकसारखा कधीच नव्हता. कोणी दारच ठेवले नाही. कोणी दाराशी थोडे घेऊन आत पाळण्यापाळण्याला वेगळे घेतले. कोणी दाराशीच सगळे वसूल करून मोकळे झाले. सहलीचा बेत आखायला बसलात की विमानाच्या तिकिटाआधी हा भेद समजून घ्यावा. दोघांची सहल स्वस्तात पडणार की अंगावर येणार, ते पुष्कळसे त्यावरच ठरते.

उदाहरणाला डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन घेऊ. पहिल्या दोन तऱ्हांच्या बागा इथे एकमेकींपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या लोकलच्या अंतरावर आहेत, आणि दोन्ही फार जुन्या.

पहिलीचे नाव बाकेन. शहराच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर्ग म्हणून ठिकाण आहे, त्याला लागून मोठे जंगल. १५८३ साली किर्स्टेन पील नावाच्या बाईला या जंगलात झरा सापडला, अशी कथा सांगतात. पाण्याला गुण आहे अशी वार्ता पसरली आणि शहरातून लोकांची रीघ लागली. आता झऱ्यापाशी माणसे जमली की त्यांच्यामागून फुटाणेवाला येतोच, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. तिथेही खाण्यापिण्याचे गाडे आले, कसरती करणारे आले, सोंगे काढणारे आले. १६६९ त तिसऱ्या फ्रेडरिक राजाने शिकारीसाठी जंगल राखीव करायला घेतले आणि लोकांना वाट बंद झाली. जवळजवळ शतकभर ती बंदच राहिली. १७५६ त पाचव्या फ्रेडरिकने जंगल पुन्हा खुले केले, आणि गाडे पूर्ववत हजर! १८६३ त क्लाम्पेनबोर्गपर्यंत आगगाडी गेली, तेव्हा तर शहरातल्या साध्या कारागिराला रविवारी बायकोला घेऊन जाऊन संध्याकाळी परत येता येऊ लागले.

बाकेनची रीत आपल्या जत्रेसारखी. आत शिरायला पैसे नाहीत. पाळण्यात बसाल तर पाळण्याचे द्या, तंबूत खेळ बघाल तर खेळाचे द्या, आणि नुसते हिंडून घरी गेलात तरी कोणी अडवणार नाही. जत्रेत वाढलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी बाग तिवोली. हिची कथा जास्त रंगतदार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८४० च्या सुमाराचे कोपनहेगन म्हणजे तटाच्या आत कोंडलेले शहर होते. लाखावर वस्ती, आणि तटाबाहेरची मोकळी जमीन लष्कराची. युद्ध झाले तर तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तिथे पक्के बांधकाम करायला बंदी. या कोंडमाऱ्याचा परिणाम पुढे दिसलाच. १८५३ त पटकी आली तेव्हा जवळजवळ पाच हजार माणसे दगावली. अशा शहरात गेओर्ग कार्स्टेन्सेन नावाच्या तिशीतल्या एका गृहस्थाने आठव्या क्रिश्चन राजाकडे अर्ज केला, की पश्चिम वेशीबाहेरची थोडी जमीन मला बागेसाठी द्यावी. हा कार्स्टेन्सेन मोठा हरहुन्नरी. जन्म अल्जीयर्सचा, बाप डेन्मार्कच्या परराष्ट्र सेवेत, धंदा मासिके चालवण्याचा. लोक मौजमजेत गुंतले की राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे सांगून त्याने राजाला वळवले, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे काही असो, परवाना मिळाला पाच वर्षांचा, आणि १५ ऑगस्ट १८४३ ला बाग उघडली.

राजाचा तो हिशेब मात्र चुकला. १८४८ च्या मार्च महिन्यात लोक हजारोंनी राजवाड्यावर चालून गेले आणि डेन्मार्कातली एकतंत्री राजसत्ता संपली. आठवा क्रिश्चन त्याआधी दोनच महिने वारला होता. म्हणजे पाच वर्षे गाणे ऐकून, दिवे पाहूनही लोक राजकारण विसरले नाहीत!

जमीन लष्कराची असल्यामुळे सुरुवातीच्या इमारती लाकडी आणि हलक्या होत्या, वेळ आली तर पटकन पाडता येतील अशा. आज बागेत जे तळे दिसते, ते जुन्या खंदकाचा उरलेला तुकडा आहे. पौर्वात्य घाटाचे बाजार, वाद्यवृंदाचा मंडप, घोड्यांचे चक्र, उतारावरून घरंगळणारी गाडी, आणि रात्री रंगीत दिव्यांची आरास. संगीताची जबाबदारी लुम्ब्यू या संगीतकाराकडे होती. त्याने जवळजवळ तीस वर्षे ती सांभाळली. हान्स अँडरसन, आपण मुलांच्या गोष्टींतून ओळखतो तो, पहिल्याच हंगामात इथे येऊन गेला आणि इथल्या चिनी थाटावरून त्याला 'बुलबुल' ही गोष्ट सुचली.

दाराशी तिवोलीत पैसे पडत. पण त्या पैशात संगीत, दिवे, मूकनाट्य आणि बसायला बाक एवढे मिळे. पाळण्यांचे वेगळे. ही रीत इथे आजही आहे. ज्याला पाळण्यांचेच वेड आहे त्याच्यासाठी सगळ्या खेळांचा एकच पास मिळतो. पण तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आता विचार करा, पन्नाशीचे जोडपे दिवसभरात किती पाळण्यांत बसणार? दोन, फार तर तीन. त्यांनी सगळ्यांचा पास घेणे म्हणजे एक वाटी आमटीसाठी अख्ख्या पंगतीचे पैसे देणे.

कार्स्टेन्सेनचे पुढे काय झाले, हेही सांगून टाकतो. बाग नावारूपाला आली आणि तो तिच्यातून बाहेर पडला. भागीदारांशी त्याचे जमले नाही. न्यूयॉर्कला जाऊन त्याने १८५३ च्या प्रदर्शनाचा काचमहाल दुसऱ्या एका स्थापत्यकाराबरोबर उभारला, मग परत येऊन कोपनहेगनात 'अल्हाम्ब्रा' नावाची नवी बाग काढायला घेतली, आणि ती उघडायच्या आधीच, १८५७ च्या जानेवारीत, वयाच्या ४४ व्या वर्षी वारला. लोकांच्या मौजेची सोय करणाऱ्याच्या वाट्याला मौज थोडीच आली.

दाराचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट टाळता येणार नाही. १९०५ साली तिवोलीत डॅनिश वसाहतींचे प्रदर्शन भरले. वेस्ट इंडीजमधली काही बेटे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती. पुढे १९१७ त ती अमेरिकेला विकली. त्या बेटांवरून दोन काळी मुले आणली: व्हिक्टर कॉर्नेलिन्स, वय सात, आणि अल्बर्टा, वय चार. माल मांडावा तशी ती मांडायची होती. व्हिक्टर पोरच ते, एका जागी बसेना, बागेत इकडेतिकडे पळे. म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवले. दाराशी पैसे मोजून आलेली माणसे ते पाहत उभी राहिली. अल्बर्टा फार जगली नाही. व्हिक्टर डेन्मार्कातच वाढला, नाकस्कोव्ह गावी शाळेत शिक्षक झाला, संगीत शिकवू लागला, आणि म्हातारपणी त्याने आपली हकिगत लिहून काढली. १९८५ त तो वारला. तिवोलीच्या दिव्यांचे कौतुक करताना ते दिवे त्या पोरालाही दिसत होते, एवढे मनात असू द्यावे.

आणि ज्यांच्यापाशी तिकिटाचे पैसे होते, त्यांनाही दार उघडेच मिळाले असे नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको नावाची बाग होती. तिथे काळ्या माणसाला मज्जाव होता. १९६० च्या उन्हाळ्यात हॉवर्ड विद्यापीठातले विद्यार्थी आत शिरले, घोड्यांच्या चक्रावर जाऊन बसले, आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या बाजूने आसपासच्या वस्तीतली गोरी माणसेही निदर्शनाला उभी राहिली. १९६१ च्या हंगामात ती बाग सर्वांना खुली झाली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ त बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात आपल्या लहानग्या मुलीचा उल्लेख आहे. दूरचित्रवाणीवर जाहिरात केलेल्या 'फनटाउन' बागेत तिला जायचे होते, आणि काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे बापाला तिला समजावून सांगावे लागले. महाडचे तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दार या शब्दाचा हा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता पुन्हा पैशाकडे वळू. दाराशीच सगळे घेण्याची तिसरी रीत कुठून आली? तिची एक मोठी शाळा न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी, कोनी आयलंडला भरली. जॉर्ज टिल्यू या गृहस्थाने १८९७ त तिथे 'स्टीपलचेस' नावाची बाग उघडली आणि पंचवीस सेंटांत आतले खेळ खुले केले. टिल्यूला माणसाची नस सापडली होती. त्याच्या बागेतला मुख्य खेळ म्हणजे रुळांवरून धावणारे लाकडी घोडे. एकेका घोड्यावर दोघांना बसता येई. पुढे ती, मागे तो, आणि पडू नये म्हणून धरायला नको का? फिरत्या पिंपातून चालताना तोल जाई आणि अनोळखी माणसेही एकमेकांच्या अंगावर पडत. कारखान्यातून आठवडाभर शिवणयंत्रावर वाकलेल्या मुली आणि गोदीत राबणारे तरुण यांना चारचौघांत हात धरायला मिळणारी ही एक जागा. त्या मुलींच्या मजुरीतून गाडीभाडे आणि प्रवेश दोन्ही निघणे कठीण, म्हणून पुष्कळजणी कोणीतरी 'खर्च करणारा' भेटेल या आशेवर जात. ही लाचारी कोनी आयलंडच्या गोड आठवणींत सहसा सांगितली जात नाही.

१९२० त भुयारी रेल्वे थेट समुद्रापर्यंत पोहोचली. भाडे पाच सेंट; आणि हे भाडे १९४८ पर्यंत तेवढेच राहिले. बागेचे दार कितीही स्वस्त असो, खरी किल्ली गाडीभाड्यात असते, हे तिथल्या गर्दीने सिद्ध केले.

वॉल्ट डिस्ने १९५१ त तिवोली पाहून गेला होता. तिथली स्वच्छता आणि दिवे त्याने मनावर घेतले, आणि तिकिटाची रीतही पुष्कळशी तीच. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा मोठ्या माणसाला दाराशी एक डॉलर होता आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे. काही महिन्यांत कुपनांचे पुस्तक निघाले. साध्या खेळाला ए, जरा बऱ्याला बी, असे करत १९५९ त ई पर्यंत मजल गेली. उत्तम वस्तूला 'ई तिकीट' म्हणण्याचा वाक्प्रचार अमेरिकेत तिथून आला. इकडे टेक्सासात १९६१ त उघडलेल्या 'सिक्स फ्लॅग्ज' बागेने दाराशी एकदाच घेण्याची रीत चालवून दाखवली, आणि १९८२ त डिस्नेलँडनेही कुपने बंद केली. तेव्हापासून मोठ्या बागांत दाराशी एकच रक्कम, मग तुम्ही वीस खेळ खेळा नाहीतर बाकावर बसून राहा. दिवसभर धावपळ करणाऱ्या पोरांच्या कुटुंबाला हे परवडते. बाकावर बसणाऱ्या दोघांना परवडत नाही.

याच रीतीला एकदा मार खावा लागला, तेही सांगण्यासारखे आहे. १२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ डिस्नेची बाग उघडली. गर्दीचे अंदाज भव्य, हॉटेले भव्य, आणि तोटाही तसाच. शेवटी १९९५ त मोठ्या माणसाचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर आणले, आणि त्याच वर्षी बाग पहिल्यांदा नफ्यात आली. दर उतरवल्याने लोक आले, ही गोष्ट हिशेबनिसांना तीन वर्षांनी उमगली. आज तिथे तारखेप्रमाणे भाव बदलतो. रविवारी किंवा शाळेच्या सुटीत जाल तर जास्त, मधल्या वारी जाल तर कमी. पॅरिसला कोणी जाणार असेल तर त्याने एवढे करावे: शाळांच्या सुट्या टाळाव्यात, वार मंगळवार-गुरुवारचा धरावा, आणि बागेच्या हॉटेलात न उतरता आर.ई.आर. गाडीच्या ए मार्गावर मध्ये कुठेतरी उतरावे. ती गाडी थेट दाराशी नेऊन सोडते.

आता कोपनहेगनचा बेत. आधी स्पष्ट बोलतो: मुंबई-पुण्याहून निव्वळ तीन दिवसांसाठी तिथे जाणे काटकसरीचे नाही. विमानभाडे सगळी काटकसर गिळून टाकील. पण आज आपली कितीतरी मुले-मुली जर्मनीत, हॉलंडात नोकरीला आहेत; आईवडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जातात. त्या मुक्कामातून तीन दिवस काढले तर हिशेब बदलतो. शेंगेन व्हिसा एकदाच काढलेला असतो. मोठ्या माणसाला त्याची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो झाली आहे, शिवाय ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तो खर्च आधीच झालेला. फक्त त्या व्हिसावर शिक्के किती वेळा येण्याजाण्याचे आहेत आणि दिवस किती उरलेत, हे पाहून घ्यावे.

हांबुर्गहून कोपनहेगनला थेट आगगाडी आहे. २०१९ च्या डिसेंबरपर्यंत या मार्गावरची गाडी अख्खीच्या अख्खी जहाजावर चढवून समुद्र ओलांडीत, मोठी गंमत होती. आता ती जमिनीच्या वाटेने आणि पुलांवरून जाते. तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त.

राहण्याची गोष्ट अवघड, कारण कोपनहेगन महाग शहर आहे. त्याला एक तोड आहे. खाडीपलीकडे स्वीडनचे माल्मो शहर. २००० साली दोहोंमध्ये पूल झाला आणि तेव्हापासून पाऊणएक तासात गाडीने इकडून तिकडे जाता येते. माल्मोत खोली सहसा स्वस्त मिळते. तिथे उतरावे आणि रोज जावे-यावे. मात्र रोजचे गाडीभाडे दोघांचे मिळून किती, ते खोलीच्या बचतीतून वजा करून पाहा. तीन दिवसांचे गणित कधीकधी बरोबरीत सुटते, आणि मग उगीच दगदग कशाला? पासपोर्ट खिशात हवा, आणि दोन्हीकडचे क्रोनर वेगळे, हे विसरू नये.

पहिला दिवस पोहोचण्यात जातो. त्या दिवशी तिकीट काढूच नका. दोन तासांसाठी दाराचे पूर्ण पैसे पडतात. दुसरा दिवस बाकेनला. सी मार्गाची लोकल क्लाम्पेनबोर्गला संपते, तिथून झाडीतून पायी. शिदोरी बरोबर घ्यावी. त्या राखीव जंगलात आज हरणांचे कळप निवांत चरत असतात, आणि झाडाखाली बसून जेवायला कोणी पैसे मागत नाही. पोळीभाजीची आठवण आली तर लाजू नये. जेवण झाल्यावर बागेत हिंडावे, १९३२ सालच्या लाकडी रोलर कोस्टरमध्ये धीर असेल तर बसावे.

तिसरा दिवस तिवोलीचा, आणि तोही दुपारनंतर. दर वाराप्रमाणे बदलतो तेव्हा वार आधी पाहावा. आणि बाग बारमाही नाही, उन्हाळा, हॅलोवीन, नाताळ असे हंगाम असतात, मधल्या आठवड्यांत दार बंद, हे तर सर्वांत आधी पाहावे. उन्हाळ्यात तिथे उजेड रात्री नऊ-दहापर्यंत रेंगाळतो. दिवे पाहायचे तर थांबायला हवे. स्टेशन रस्त्यापलीकडेच असल्यामुळे परतीची धास्ती नाही. दाराचे पैसे दिलेत की मूकनाट्याचे रंगमंदिर तुमचेच. १८७४ चे हे चिनी घाटाचे बांधकाम, आणि त्याचा पडदा म्हणजे पिसारा मिटत जाणारा भला मोठा मोर. प्रेक्षक उघड्यावर उभे राहून खेळ बघतात. भाषा येत नाही याची इथे अडचण नाही, नटच बोलत नाहीत.

आणि मग दोन सुटी तिकिटे काढावीत, १९१४ च्या लाकडी रोलर कोस्टरची. त्या गाडीत आजही एक माणूस बसतो आणि उतारावर हाताने ब्रेक दाबतो. शक्य झाले तर त्याच्या जवळची जागा धरा.